अर्थशास्त्रात एम.ए. : रायपूरमधील अभ्यासाच्या सोयी आणि विशेष अभ्यासानुसार खुले होणारे पर्याय

रायपूर : अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अध्यापन, भारतीय आर्थिक सेवा, रिझर्व्ह बँक, ग्रामीण वित्तसंस्था, शासनाची नियोजन व सांख्यिकी खाती आणि संशोधन संस्था असे अनेक पर्याय असतात. या प्रत्येक क्षेत्राची प्रवेश परीक्षा, वयोमर्यादा आणि तयारी निराळी आहे. पदवी हाती आल्यावर यांचा विचार सुरू केला, तर वयोमर्यादेतील एक-दोन वर्षे निसटून जातात. म्हणून विशेष अभ्यासाची शाखा पहिल्या वर्षातच ठरवणे हिताचे ठरते.

रायपूरमधील सोयी

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. उच्च शिक्षणाचा येथील इतिहास त्याहून जुना आहे. छत्तीसगड महाविद्यालय १९३८ मध्ये सुरू झाले, तेव्हा या प्रांताची राजधानी नागपूर होती. पुढे १९६४ मध्ये रायपूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. तेच आजचे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ. या विद्यापीठाच्या अर्थशास्त्र अध्ययनशाळेत एम.ए. आणि पीएच.डी.ची सोय आहे. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणातील एम.ए. अभ्यासक्रम उपलब्ध असून या विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र रायपुरात आहे.

बिलासपूरचे गुरू घासीदास विद्यापीठ २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी राष्ट्रीय चाचणी संस्था सामाईक प्रवेश परीक्षा घेते. रायपूरच्याच इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात (स्थापना १९८७) कृषी अर्थशास्त्र हा विषय शिकवला जातो. मात्र तेथील एम.एस्सी. अभ्यासक्रम प्रामुख्याने कृषी पदवीधरांसाठी आहे, हे लक्षात ठेवावे. गोंदिया आणि पूर्व विदर्भातील विद्यार्थ्यांना मुंबई-हावडा लोहमार्गामुळे नागपूर आणि रायपूर ही दोन्ही शहरे सोयीची आहेत. रायपुरात शिक्षणाचे माध्यम हिंदी किंवा इंग्रजी असते, याचा विचार त्यांनी प्रवेशाआधी करावा.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे, म्हणजे चार सत्रांचे असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची पदवी पूर्ण करणाऱ्यांसाठी एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तरतूद आहे. सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र, संख्याशास्त्रीय पद्धती, सार्वजनिक वित्त आणि भारतीय अर्थव्यवस्था हे गाभ्याचे विषय येतात. अर्थमिती, कृषी अर्थशास्त्र, पर्यावरण अर्थशास्त्र, आंतरराष्ट्रीय व्यापार, श्रम अर्थशास्त्र, बँकिंग व वित्त अशा विषयांची निवड बहुधा दुसऱ्या वर्षी करावी लागते. पुढील वाटचालीची दिशा या निवडीवर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

भारतीय आर्थिक सेवा

केंद्र शासनाला आर्थिक सल्ला देणारी ही सेवा १९६१ मध्ये स्थापन झाली. अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमिती या विषयांतील पदव्युत्तर पदवीधरांना केंद्रीय लोकसेवा आयोगाची ही परीक्षा देता येते. परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्ट रोजी वय २१ ते ३० या मर्यादेत असावे लागते. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत मिळते. अंतिम वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात.

लेखी परीक्षा १,००० गुणांची असते. सामान्य इंग्रजी आणि सामान्य अध्ययन यांना प्रत्येकी १००, सामान्य अर्थशास्त्राच्या तीन प्रश्नपत्रिकांना प्रत्येकी २०० आणि भारतीय अर्थशास्त्राला २०० गुण आहेत. मुलाखत २०० गुणांची असते. जागा मोजक्याच असतात : २०२३ आणि २०२४ च्या परीक्षांसाठी प्रत्येकी १८, तर २०२५ साठी १२ पदे जाहीर झाली होती. त्यामुळे या एकाच परीक्षेवर सारी भिस्त ठेवू नये. तिच्या तयारीतील मोठा भाग रिझर्व्ह बँक आणि 'नेट' या परीक्षांनाही उपयोगी पडतो, हे ध्यानात घेऊन नियोजन करावे.

रिझर्व्ह बँक आणि नाबार्ड

रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी 'ब' श्रेणीतील अधिकाऱ्यांची स्वतंत्र निवड होते. त्यासाठी अर्थशास्त्रातील वा संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी विहित गुणांसह आवश्यक असते. वस्तुनिष्ठ प्रश्नांबरोबर अर्थशास्त्राचा वर्णनात्मक पेपरही द्यावा लागतो. चलनविषयक धोरण, स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती यांवर पकड असलेल्यांना येथे लाभ होतो.

राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक, म्हणजे नाबार्ड, १९८२ पासून कार्यरत आहे. तिच्या साहाय्यक व्यवस्थापक पदांच्या भरतीत काही वर्षी अर्थशास्त्रासाठी वेगळ्या जागा असतात. कृषी अर्थशास्त्र, सहकार आणि ग्रामीण पतपुरवठा यांचा अभ्यास त्यासाठी उपयुक्त ठरतो. या दोन्ही संस्थांची कार्यालये रायपुरात आहेत.

अध्यापन आणि संशोधन

महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण आणि 'नेट' वा राज्याची 'सेट' परीक्षा उत्तीर्ण असणे ही सामान्य अट आहे. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १ जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएच.डी.ची सक्ती काढून टाकली. छत्तीसगडमध्ये 'सेट' परीक्षा व्यापम ही संस्था घेते, तर शासकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकांची निवड राज्य लोकसेवा आयोग करतो. शाळेत उच्च माध्यमिक स्तरावर शिकवायचे असल्यास एम.ए.च्या जोडीला बी.एड. लागते.

संशोधनाकडे वळणाऱ्यांना पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था (१९३०), दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (१९४९) आणि रिझर्व्ह बँकेने मुंबईत स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था ही महत्त्वाची केंद्रे आहेत. धोरण संशोधन संस्था, पतमानांकन संस्था आणि सल्लागार कंपन्या पदवीइतकेच माहिती हाताळण्याच्या कौशल्याकडे पाहतात. स्टाटा, आर किंवा पायथन यांपैकी एका साधनाचा सराव असणे ही तेथील प्राथमिक अपेक्षा असते.

छत्तीसगड : अभ्यासाचे जिवंत क्षेत्र

विशेष अभ्यासासाठी विषय शोधायला रायपूरच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. २०२३-२४ च्या खरीप हंगामासाठी केंद्राने साधारण धानाचा हमीभाव प्रति क्विंटल २,१८३ रुपये ठरवला होता. राज्याने शेतकऱ्यांना एकरी २१ क्विंटलपर्यंत प्रति क्विंटल ३,१०० रुपये दिले. क्विंटलमागील या ९१७ रुपयांच्या फरकाचा राज्याच्या तिजोरीवर, पीकपद्धतीवर, भूजलावर आणि शेतमजुरीच्या दरांवर काय परिणाम होतो, हा सार्वजनिक वित्त आणि कृषी अर्थशास्त्र या दोन्ही शाखांचा प्रश्न आहे. कोरबाचा कोळसा, बैलाडिल्याचे लोहखनिज आणि भिलाईचा पोलाद कारखाना यांमुळे खनिज व औद्योगिक अर्थशास्त्राला येथे भरपूर सामग्री मिळते. खाणबाधित भागांसाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीने निर्माण झालेला जिल्हा खनिज प्रतिष्ठान निधी कोठे व कसा खर्च होतो, हा लघुप्रबंधाचा उत्तम विषय होऊ शकतो. तेंदूपाने आणि इतर वनोपजांवर जगणाऱ्या आदिवासी कुटुंबांचे उत्पन्न हाही तसाच विषय आहे.

राज्याचे आर्थिक व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी आर्थिक सर्वेक्षण प्रसिद्ध करते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल आणि कुटुंब उपभोग खर्च पाहण्यांची मूळ आकडेवारीही अभ्यासकांना उपलब्ध असते. यांपैकी एका आकडेवारीवर प्रामाणिकपणे केलेला लघुप्रबंध मुलाखतीत उमेदवाराची बाजू भक्कम करतो.

भाषा आणि गणित : दोन अडसर

हिंदी माध्यमातील विद्यार्थी 'व्यष्टि' आणि 'समष्टि' वाचतो, महाराष्ट्रातील विद्यार्थी 'सूक्ष्म' आणि 'स्थूल' वाचतो. भारतीय आर्थिक सेवेची उत्तरपत्रिका मात्र इंग्रजीतच लिहावी लागते. नागरी सेवा मुख्य परीक्षा मराठीतून वा हिंदीतून देता येते आणि तीत अर्थशास्त्र हा वैकल्पिक विषयही घेता येतो. आर्थिक सेवेत ती मुभा नाही. विषय उत्तम समजूनही केवळ भाषेमुळे मागे पडण्याचा धोका येथे खरा आहे.

देशी भाषांत अर्थशास्त्र मांडण्याचा प्रयत्न या भूमीला नवा नाही. रायपूर ही कर्मभूमी असलेले मराठीभाषक संपादक माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांनी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राची हिंदी परिभाषा तयार केली होती. मातृभाषेत संकल्पना पक्की करणे आणि तीच इंग्रजीत लिहिण्याचा नित्य सराव ठेवणे, हा आजच्या विद्यार्थ्यासाठी व्यवहार्य मार्ग आहे. कलाशाखेतून आलेल्यांनी कलनशास्त्र, सारणिक आणि संभाव्यता यांची उजळणी पहिल्या सत्राआधीच करावी. अर्थमितीत येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच असते.

निर्णयाचा क्रम

पहिल्या सत्रात गणित व इंग्रजीची उणीव भरून काढावी, दुसऱ्या सत्राअखेर विशेष शाखा निश्चित करावी, तिसऱ्या सत्रात तिला पूरक परीक्षेचे जुने पेपर सोडवावेत आणि चौथ्या सत्रात लघुप्रबंधासह अर्ज भरावेत. पात्रता, वय, आरक्षण आणि पदसंख्या यांबाबत प्रत्येक वर्षीची मूळ अधिसूचनाच प्रमाण मानावी. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींतून मिळणारी माहितीही त्या अधिसूचनेशी ताडून पाहावी.