वेताळाचा देश आणि वेताळाचा काळ

१७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतील वर्तमानपत्रांत 'द फँटम' ही चित्रमालिका सुरू झाली, आणि 'सुपरमॅन' छापून येण्याच्या दोन वर्षे आधी, अंगाला चिकटून बसणारा पोशाख व बुबुळेही दिसू न देणारा मुखवटा घातलेला एक नायक वाचकांपुढे उभा राहिला. मराठी वाचक त्याला वेताळ म्हणून ओळखतात. चित्रमालिका म्हणजे रोज तीन-चार चौकटींत थोडी थोडी पुढे सरकत महिनोन्महिने चालणारी कथा. ती छापण्याचे हक्क 'किंग फीचर्स' या सिंडिकेटकडे, म्हणजे एकच मजकूर अनेक वर्तमानपत्रांना मोबदला घेऊन पुरवणाऱ्या संस्थेकडे होते. सेंट लुईसमध्ये जन्मलेल्या ली फॉक यांनी १९३४ साली 'मॅन्ड्रेक' हा जादूगार निर्माण केला होता. त्यानंतर आलेल्या वेताळाच्या कथा ते १९९९ साली मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिले. या त्रेसष्ट वर्षांत आशिया आणि आफ्रिकेतील युरोपीय साम्राज्ये मोडली, नवी राष्ट्रे उभी राहिली आणि गोऱ्या माणसाने जंगलातील टोळ्यांचे रक्षण करावे ही कल्पना अनेक वाचकांना खटकू लागली. त्यामुळे जुन्या नायकाला नव्या काळाप्रमाणे बदलावे की तो होता तसाच ठेवावा, हा प्रश्न या नायकाच्या बाबतीत इतर कोणाहीपेक्षा लवकर आणि अधिक तीव्रतेने उभा राहिला.

या प्रश्नाचे एक उत्तर कथेच्या रचनेतच दडलेले आहे. १५३६ साली चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. त्यातून वाचलेला ख्रिस्तोफर वॉकर हा तरुण लाटांबरोबर एका अनोळखी किनाऱ्यावर येऊन पडला आणि तेथील बांदार लोकांनी त्याचा जीव वाचवला. पुढे आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, लोभ आणि क्रौर्य यांचा नाश करण्याची शपथ घेतली, आणि आपल्यामागे आपल्या वंशजांनीही तेच करावे असे त्या शपथेत होते. पिता मरण पावला की पुत्र तोच मुखवटा चढवतो. लोकांना मात्र चारशे वर्षे एकच न मरणारा पुरुष वावरत असल्याचे वाटते. वर्तमानपत्रांतील कथांचा नायक हा या मालिकेतील एकविसावा पुरुष होय. सुपरमॅनला तरुण ठेवण्यासाठी त्याचा पूर्वेतिहास वेळोवेळी पुसून नव्याने लिहावा लागला, १९८६ साली तर तो जवळजवळ आरंभापासून सांगितला गेला. वेताळाच्या कथेत मात्र काळाचे जाणे सुरुवातीपासूनच गृहीत धरलेले आहे, कारण तेथे नायक ही एक व्यक्ती नसून वारसाहक्काने चालत आलेली गादी आहे.

स्वतः फॉक यांनी हा नायक पहिली कथा चालू असतानाच बदलला होता. दिवसा श्रीमंत, आळशी तरुण म्हणून वावरणारा जिमी वेल्स हाच रात्रीचा मुखवटाधारी असावा, अशी त्यांची मूळ कल्पना होती. ती मध्येच सोडून त्यांनी नायकाला जंगलात नेले, कवटीच्या आकाराच्या गुहेत त्याचे सिंहासन मांडले आणि त्याला पिढ्यांचा इतिहास दिला. त्यामुळे मूळ वेताळाला हात लावू नये असा आग्रह धरणाऱ्यांनी कोणत्या वेताळाला मूळ म्हणायचे, हे आधी ठरवायला हवे.

त्याचा देशही स्थिर राहिला नाही. सुरुवातीच्या कथांतील जंगल आशियात, भारत आणि ईस्ट इंडीज बेटे यांच्या आसपास कुठेतरी होते. देशाच्या नावात बंगालचा स्पष्ट ध्वनी होता, आणि वंशपरंपरागत शत्रू असलेल्या चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग बंधुसंघ' असे होते. पुढील दशकांत हे जंगल हळूहळू आफ्रिकेत सरकले, बंगाला नावाचे काल्पनिक राष्ट्र झाले, आणि या स्थलांतराचा कथेत कधी खुलासाही झाला नाही. एक संपूर्ण देश एका खंडातून उचलून दुसऱ्या खंडात ठेवता येतो आणि बहुतेक वाचकांना ते जाणवतही नाही, यावरून त्या जंगलाकडे मुळात किती दुरून पाहिले गेले होते हे कळते. किपलिंगच्या 'द जंगल बुक'चा प्रभाव फॉक यांनी मान्य केला होता. त्या पुस्तकातील माकडांच्या टोळीच्या नावात येणारा 'बंदर' हा शब्द आणि नायकाचा जीव वाचवणाऱ्या बुटक्या लोकांचे 'बांदार' हे नाव यांतील साम्य कोणत्याही भारतीय वाचकाच्या लगेच लक्षात येते. फॉक यांच्या मनात द्वेष होता असे मानण्याचे कारण नाही, परंतु एका मानवी समूहाला असे नाव मिळावे आणि ते दशकानुदशके तसेच छापले जावे, हा दोष त्या काळाचा म्हणून सोडून देण्याइतका किरकोळ नाही.

१९६० नंतर फॉक यांनी या दोषाच्या काही भागाला हात घातला. बंगाला स्वतंत्र झाला आणि डॉक्टर असलेले लमांडा लुआगा निवडणूक जिंकून त्याचे राष्ट्राध्यक्ष झाले. लोकशाही उलथू पाहणारा जनरल बाबाबू खलनायक म्हणून आला, तर डायना पामर ही नायिका संयुक्त राष्ट्रसंघात काम करू लागली. जंगल गस्त, म्हणजे सरहद्दीवर कायदा राखणारे निवडक सैनिकांचे दल, हिच्या प्रमुखपदी गोऱ्या कर्नल वीक्स यांच्यानंतर कर्नल वोरुबू हे आफ्रिकी अधिकारी आले.

या दलाच्या कचेरीतील तिजोरीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. दलाचा सर्वोच्च सेनापती कोण आहे हे कोणालाच ठाऊक नसते आणि त्याचे आदेश कर्नलच्या खोलीतील तिजोरीत चिठ्ठीच्या रूपाने येतात. आवाराबाहेरील एका जुन्या विहिरीतून निघालेले भुयार थेट या तिजोरीखाली उघडते, आणि वेताळ त्या वाटेने येऊन खालून चिठ्ठी ठेवून जातो. वीक्स यांच्या जागी वोरुबू आले तेव्हा तिजोरी उघडणारा हात बदलला, पण खालून चिठ्ठी ठेवणारा हात तोच राहिला. फॉक यांची सुधारणा खरी होती आणि त्या काळच्या अमेरिकी वर्तमानपत्रांत तिला मोलही होते, तरीही ती कोठपर्यंत पोहोचली हे या एका लाकडी-लोखंडी खोक्यावरून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही टीकालेखातून दिसणार नाही.

भारतात हा नायक आला तेव्हा त्याच्यावर वेगळेच संस्कार झाले. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनसमूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिल्या अंकापासून वेताळाच्याच कथा निघाल्या, आणि अंकाची किंमत ६० पैसे होती. पुढे 'अमर चित्र कथा' सुरू करणारे अनंत पै त्या वेळी याच संस्थेत काम करीत होते. ठरावीक पानांत कथा बसावी म्हणून चौकटी वगळल्या जात, मुखपृष्ठे येथील चित्रकारांकडून नव्याने रंगवून घेतली जात, आणि मजकुरातील काही नावे जाणूनबुजून बदलली जात. बंगालशी मिळतेजुळते नाव असलेल्या देशाचे 'डेंकाली' झाले, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले, आणि विसाव्या वेताळाचा खून करणाऱ्या 'रामा'चा 'रामालू' झाला. शीख आणि राजपूत घराण्यांतील नाव दरोडेखोरांना देणे, किंवा घराघरात पूजल्या जाणाऱ्या देवाचे नाव पाठीत खंजीर खुपसणाऱ्याला देणे हे येथील वाचकांना रुचले नसते. परदेशी कथेची आपल्या वाचकांसाठी अशी दुरुस्ती करताना कोणी मोठी चर्चा घडवून आणल्याचे दिसत नाही. संपादकीय मेजावर दोन-चार अक्षरे बदलली गेली आणि कथेचे काहीही बिघडले नाही.

त्याहून मोठा बदल 'वेताळ' या नावाने घडवला. इंग्रजीतील मूळ नावाचा अर्थ छाया किंवा भुताटकी एवढाच आहे. महाराष्ट्र आणि गोव्यात मात्र वेताळ हा भुतांचा अधिपती असूनही गावाच्या वेशीचा राखणदार आहे. पुण्यातील टेकडीवर त्याचे देऊळ आहे, गोव्यात लोलये, आमोणे या गावांत त्याची स्थाने आहेत, आणि वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा तर साऱ्या कोकणाला परिचित आहे. आरवलीत नवस फेडताना देवाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो आणि त्यामुळे चपलांचे तळ झिजतात अशी श्रद्धा आहे. फॉक यांच्या नायकाचे एक बिरुद 'चालणारे भूत' असे आहे. अमेरिकेत ही कल्पना केवळ गूढ वाटली असेल, परंतु रात्री चालणारा, दुष्टांना धाक घालणारा आणि भोळ्यांना सांभाळणारा वेताळ मराठी वाचकाच्या आजीच्या तोंडी आधीपासूनच होता. या नावामुळे मुखवट्याआडचा गोरा साहेब बराचसा मागे पडला आणि पुढे आला तो क्षेत्रपाल, म्हणजे त्या भूमीचाच रक्षक देव. एका चपखल प्रतिशब्दाने असे परिवर्तन घडवावे, हे भारतीय भाषांतील अनुवादाचे फार मोठे यश आहे आणि त्याची दखल आजवर पुरेशी घेतली गेलेली नाही.

अशीच गोष्ट पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ वाघी खोऱ्यात घडली. तेथे १९८० च्या दशकात टोळीयुद्धे पुन्हा सुरू झाली तेव्हा लढवय्यांनी आपल्या माणसाएवढ्या उंच ढालींवर वेताळाचे चित्र रंगवले, कारण जो मरत नाही त्याची आकृती ढालीवर असणे त्यांना सयुक्तिक वाटले. ज्या लोकांना या कथांत भाबडे आणि भयभीत असे रंगवले गेले होते, त्यांच्यासारख्याच लोकांनी नायकाला हाती घेऊन आपल्या कामाला लावले.

इंद्रजालने नव्या काळाला आणखी एक उत्तर दिले. १९७६ साली आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्रह्मणिया यांनी रेखाटलेला 'बहादूर' त्यात आला. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा हा तरुण मुखवटा लावत नाही, चंबळच्या दरोडेखोरांशी लढतो आणि त्यासाठी गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. जुन्या नायकाला ओढूनताणून आपलासा करण्याऐवजी त्याच्या शेजारी आपला नायक उभा करावा, हा मार्ग अधिक प्रामाणिक होता. इंद्रजाल १९९० साली बंद पडले आणि बहादूरची वाटचालही खुंटली, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

पाश्चात्त्य देशांत नवेपणाचे प्रयोग पुष्कळ झाले, परंतु त्यांतील बहुतेकांचे लक्ष पोशाखाकडे होते. १९९४ साली आलेल्या 'फँटम २०४०' या ॲनिमेशन मालिकेने चोविसाव्या वेताळाला भविष्यातील महानगरात नेले आणि पर्यावरणाच्या नाशाचा विषय हाताळला, म्हणून तिची गोष्ट थोडी निराळी आहे. १९९६ च्या चित्रपटाने काळ १९३८ चाच ठेवला आणि दूरचित्रवाणीसाठी २००९ साली तयार झालेल्या लघुमालिकेने जांभळा पोशाखच काढून टाकून आधुनिक चिलखत चढवले. ती मालिका कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाही, आणि ते स्वाभाविक होते. पोशाखाचा रंग मुळातच पक्का नव्हता. १९३९ साली रविवारची रंगीत पाने सुरू झाल्यावर तो जांभळा ठरला, पण स्वीडनमध्ये तो निळा आणि इटलीत लाल छापला गेला, आणि त्या त्या देशातील वाचकांनी तोच आपला मानला. सुपरमॅनची लाल चड्डी २०११ साली काढली गेली आणि २०१८ साली परत आली, त्यातूनही हेच दिसते. वाचकाची खरी अडचण कपड्यांत नसून कोण कोणाचे रक्षण करतो, कोण आज्ञा देतो आणि कोणाच्या अज्ञानावर दंतकथा उभी आहे, या प्रश्नांत आहे.

जुन्या कथा बदलून छापण्याची मागणी अधूनमधून होते, ती मात्र मान्य करण्यासारखी नाही. १९३६ च्या कथेत १९३६ ची दृष्टी दिसायला हवी, कारण ती पुसली तर पुढच्या पिढीला नेमके काय बदलले हे कळण्याचे साधनच उरणार नाही. इंद्रजालने केलेले बदल अनुवादातील होते आणि मूळ मजकूर इतरत्र अबाधित होता, हा फरक लक्षात ठेवावा लागतो. नव्या कथा लिहिताना मात्र लेखकाने पुढे गेलेच पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री फॉक यांनीच ठेवली आहे. १९५२ च्या एका कथेत सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली मुखवटा चढवून भावाचे काम करते. १९७९ साली एकविसाव्या वेताळाला आणि डायनाला किट व हेलोईज ही जुळी मुले झाली, म्हणजे बाविसाव्या पिढीत गादीला दोन वारस आहेत, आणि मुखवटा मुलीच्या चेहऱ्यावर जाण्याला कथेच्या इतिहासात आधार आहे.

त्याहून मोठी ठेव बांदार लोकांकडे आहे. साऱ्या जंगलाला वेताळ अमर वाटतो, पण बांदारांना तो मर्त्य असल्याचे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यांचा प्रमुख गुरन हा एकविसाव्या वेताळाचा बालमित्र आहे. गुहेतील थडग्यांत वीस वेताळ विसावले आहेत आणि एकविसाव्याची जागा रिकामी ठेवलेली आहे. हे सारे पाहूनही ज्या समाजाने चार शतके एक शब्द बाहेर फुटू दिला नाही, तो भाबडा असूच शकत नाही. ती दंतकथा जितकी वॉकर घराण्याची तितकीच बांदारांची निर्मिती आहे, आणि त्यांनी ती का सांभाळली, कोणत्या पिढीत त्यांना ती मोडून टाकावीशी वाटली, कोणत्या वेताळावर त्यांचा विश्वास बसला नाही, हे कोणी लिहिलेले नाही. कवटी गुहेच्या एका दालनात प्रत्येक वेताळाने स्वहस्ते लिहिलेल्या बखरींचे जाडजूड खंड ओळीने मांडलेले आहेत. त्या फळीवर एकवीस पुरुषांची अक्षरे आहेत आणि गुरनच्या घराण्यातील एकाचेही अक्षर नाही.