हाक्यापासून जिप्सीपर्यंत

२०२४ सालच्या ३१ डिसेंबरची ती चित्रफीत तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सरत्या वर्षाला निरोप द्यायला गेलेल्या पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांनी एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसकट रस्त्यावर कोंडीत पकडले होते. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि सगळ्यांचे मोबाइल वर! वनखात्याने गाडीचालकांना आणि गाइडना निलंबित केले. बातम्या वाचून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

मला ती चित्रफीत माझ्या भाचीने दाखवली. ती हळहळत होती. मला मात्र ते दृश्य कुठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले. हा तर हाका!

नव्या पिढीला हाका म्हणजे काय ते सांगायला हवे. माझे बालपण त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात गेले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे शिकारी साहेब येत. जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत आणि ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक जनावरांसाठी त्यांचे परवाने मिळत. गावातली तीस-चाळीस माणसे रोजंदारीवर बोलावली जात. डबे, ढोल, कुऱ्हाडीचे दांडे वाजवत, आरडाओरडा करत ती तीन बाजूंनी पुढे सरकायची. चौथी बाजू मोकळी, आणि त्या मोकळ्या बाजूला मचाण. माझा धाकटा मामा हाकाऱ्यांत जाई. रोज रुपया-सव्वा रुपया मिळे. जनावर उलटले तर ते हाकाऱ्यांवर उलटे, मचाणावर नव्हे. फोटोत मात्र साहेब, बंदूक आणि वाघ एवढेच असत.

त्या काळी हे सगळे कायदेशीर होते. नुसते कायदेशीर नव्हे, तर मर्दानी करमणुकीतले पहिल्या प्रतीचे मानले जाई. इंग्रजांनी १८८७ साली रानपाखरांसाठी आणि १९१२ साली पाखरे व जनावरे दोघांसाठी कायदा केला. १९५१ साली मुंबई राज्यानेही असा कायदा केला. पण या जुन्या कायद्यांचा भर शिकार थांबवण्यापेक्षा ती शिस्तीत चालवण्यावर होता. अमुक महिने बंद, अमुक जनावराची मादी मारायची नाही, परवाना घ्यायचा, वगैरे. पुढच्या हंगामालाही शिकार शिल्लक राहावी, हा हिशेब.

१९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षी झालेल्या गणनेत वाघ भरले १,८२७. पुढल्या वर्षी, १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे, मीही तो अनेक वर्षे शिकवला. पण एक गोष्ट मला निवृत्तीनंतर, कायद्याचे पुस्तक स्वतः हातात घेतल्यावर कळली. १९७२ च्या मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होतेच! मोठ्या शिकारीचा वेगळा, छोट्या शिकारीचा वेगळा. वाघाला अभय मिळाले, बाकीच्या पुष्कळ जनावरांना नाही. परवान्यावरची ही शिकार १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. म्हणजे मी विद्यार्थ्यांना ‘१९७२ साली शिकारबंदी झाली’ असे खुशाल सांगत होतो ते अर्धेच खरे होते. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी हे वाचत असल्यास दुरुस्ती करून घ्यावी.

असो. तर बंदूक गेली. तिच्या जागी कॅमेरा आला. कॅमेऱ्याची कल्पनाही नवी नव्हे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या इंग्रज वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात, रात्रीच्या वेळी वाघाच्या पायाने तार ओढली गेली की आपोआप फोटो निघेल अशी योजना करून वाघांचे फोटो काढले आणि १९२७ साली त्यांचे पुस्तकही केले. बंदुकीपेक्षा यात अधिक मजा आहे असे त्याचे म्हणणे. त्या काळी त्याला हसणारेच जास्त असणार. आज सगळे जग त्याच्या बाजूचे झाले आहे. पण चॅम्पियन एकटा होता, आणि वाघ येण्याच्या वेळी तो बहुधा तिथे हजरही नसे. ही गोष्ट आपण विसरलो.

१९७२ चा कायदा याबाबत काय म्हणतो? कलम २७ सांगते की अभयारण्यात वाटेल त्याने शिरायचे नाही. कामावरचा सरकारी नोकर, आत जमीन-घर असलेला माणूस, सार्वजनिक रस्त्याने जाणारा, किंवा परवाना असलेला, एवढ्यांनाच मुभा. हा परवाना कशासाठी मिळेल ते कलम २८ मध्ये आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसांशी कायदेशीर व्यवहार. संशोधक आणि सहलीला आलेले कुटुंब एकाच कलमात शेजारी-शेजारी! ‘पर्यटन’ हा एक शब्द तिथे आहे. किती, कसे, किती जवळून, याबद्दल त्या कलमात काही नाही. जनावरांना छेडू नये, कचरा करू नये, हे १९९१ साली जोडले गेले.

बंदुकीला बंदी घालणे सोपे होते. गोळी लागली की नाही हे कोर्टात सिद्ध करता येते. पण नुसते बघणाऱ्याचा गुन्हा कुठे सुरू होतो? एक गाडी उभी राहिली तर ते बघणे, दहा राहिल्या तर ती कोंडी. मग नेमका कितव्या गाडीला गुन्हा घडला? मध्य प्रदेशात कित्येक वर्षे ‘टायगर शो’ चाले. माहूत पहाटे हत्तींवरून वाघ शोधत, हत्ती त्याच्याभोवती उभे करत आणि पर्यटकांना पाळीपाळीने नेऊन तो दाखवत. कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. मला स्वतःलाही वाटले नसते.

२००६ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ साली उघड झाले होते, त्यामुळे सरकार हादरले होते. या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्रप्रकल्पाचे दोन भाग केले, गाभा आणि बफर. गाभा वाघांसाठी ‘अबाधित’ ठेवायचा, आदिवासी व इतर वननिवासी यांच्या हक्कांना धक्का न लावता. बफरमध्ये माणूस आणि जनावर यांनी एकत्र नांदायचे. त्याआधी, २००० सालच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वाळलेले लाकूड, गवत वगैरे काढून नेणेही थांबले होते.

आता या ‘अबाधित’ शब्दाचा अर्थ कुणासाठी काय झाला ते पाहा. ताडोब्याचा गाभा ६२५ चौरस किलोमीटरचा. त्यातली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठून बाहेर आली. २००८ पासून पुनर्वसनाला कुटुंबामागे दहा लाख रुपये मिळू लागले. कायद्यात हे स्थलांतर स्वेच्छेचे आहे. काही कुटुंबे खरोखरच खुशीने आली असतील. रानडुकरे पीक ठेवत नाहीत, दवाखाना लांब, मुलांना शाळा नाही, अशा ठिकाणी राहण्यात काव्य शोधणारे आपण शहरातले. पण गाव उठल्यावर त्याच वाटेवरून सकाळ-संध्याकाळ जिप्सी जाऊ लागल्या, हेही खरे. गवताचा भारा न्यायचा नाही, पण पर्यटकाने तिकीट काढून यावे. गाव गेलेल्या माणसाने या अबाधितपणाचा अर्थ कसा लावायचा?

नेमका हाच प्रश्न कोर्टात गेला. भोपाळच्या अजय दुबे यांची याचिका आधी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने फेटाळली, मग ते सर्वोच्च न्यायालयात गेले. गाभा अबाधित असेल तर त्यात पर्यटन कसे, हा त्यांचा सवाल. २४ जुलै २०१२ रोजी न्यायालयाने पुढील आदेशापर्यंत सर्व व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन बंद केले. एकच हाहाकार उडाला. हॉटेलवाले, गाडीवाले, गाइड सगळे धावले. वन्यजीवप्रेमींतही दोन तट पडले. एक तट म्हणे, पर्यटक म्हणजे फुकटचे पहारेकरी, तो गेला की चोरट्या शिकाऱ्याला रान मोकळे. दुसरा तट म्हणे, मग सरिस्कात काय झाले? २००९ पर्यंत पन्नातले वाघ संपले, तिथेही पर्यटक होतेच की!

दोन्ही तटांच्या बोलण्यात तथ्य होते. मात्र एक गोष्ट त्या गदारोळात फारशी कुणी बोलली नाही. बहुतेक व्याघ्रप्रकल्प पावसाळ्यात तसेही बंदच असतात. बंदी आली जुलैच्या अखेरीस आणि उठली १६ ऑक्टोबरला. म्हणजे पुष्कळ ठिकाणी हंगामाचे फार तर पंधरा दिवस गेले. एवढ्याशा बंदीचा केवढा तो आवाज! बोटेझरीसाठी तेवढा आवाज कुणी केल्याचे मला आठवत नाही. मीही केला नव्हता.

बंदी उठली ती राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने आदल्याच दिवशी मार्गदर्शक सूचना काढल्यामुळे. गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात नियंत्रित पर्यटन चालेल. आधीच वीसच्या वर वापर असेल तर तो किती मुदतीत खाली आणायचा ते स्थानिक सल्लागार समिती ठरवील. गाभ्यात नवी बांधकामे नाहीत. जनावरापासून वीस मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचे, त्याला घेरायचे नाही. रोज किती गाड्या सोडायच्या याचे गणितही दिलेले आहे. रस्त्याची लांबी, दोन गाड्यांतले अंतर, फेऱ्या, यांवरून एक आकडा काढायचा. मग रस्त्यांची धूप आणि जनावरांना होणारा त्रास यांसाठी तो कमी करायचा. शेवटी, देखरेखीला माणसे कमी असतील तर त्या प्रमाणात आणखी घटवायचा. गणिताच्या मास्तराला आवडावे असे हे काम आहे. (मी इतिहासाचा.) फक्त सगळ्या गाड्या रस्त्यांवर सारख्या अंतराने विखुरलेल्या राहतील, असे त्यात गृहीत आहे. वाघ दिसल्याची कुजबुज झाली की सगळ्या एकाच वळणावर गोळा होतात, हे त्या गणिताला कसे कळावे?

गाभ्यावर मर्यादा आल्या तशी बफरमध्ये फाटके वाढत गेली. ताडोब्याच्या आगरझरी, देवाडा, जुनोना या बाजूंना आता सफारी चालतात. रात्रीच्या सफारीही निघाल्या. जिथे बाया पहाटे मोहफुले वेचायला जातात, तेच हे बफर. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॉर्बेटच्या प्रकरणात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने रात्रीच्या पर्यटनावर बंदी घातली आणि गाभ्यातल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरण्यालाही मनाई केली. गवईसाहेब अमरावतीचे, म्हणजे मेळघाटच्या अंगणातले. मोबाइलबंदी वाचून मला त्या चित्रफितीचीच आठवण झाली.

आता थोडे स्वतःबद्दल. काही वर्षांपूर्वी मुलाने हट्टाने एका जंगलात नेले. कोणत्या ते सांगत नाही. आमच्या जिप्सीचा गाइड तिथल्याच, गाभ्यातून उठलेल्या गावचा पोरगा होता. बारावी झालेला, पाखरांची नावे मराठीतही आणि इंग्रजीतही पाठ. दोन फेऱ्या झाल्या तरी वाघ नव्हता. तिसऱ्या फेरीला झाडोऱ्याआड पिवळे काहीतरी हलले. पुढे तीन गाड्या उभ्या होत्या. आमच्या गाडीतले सगळे म्हणू लागले, ‘जरा पुढे घे, जरा बाजूने काढ.’ त्यात मीही होतो. मीच सर्वात मोठ्याने म्हणालो असेन, कारण वर्गात बोलायची सवय.

पोराने मागे वळून माझ्याकडे पाहिले. ‘गुरुजी, नेतो म्हटलं तर नेता येते जी. पण उद्या कोणी फोटो टाकला तर कार्ड माझं जाते, तुमचं काही जात नाही.’

मी गप्प बसलो. गाडी होती तिथेच राहिली. झाडोऱ्यातले पिवळे पुन्हा काही हलले नाही. फाटक बंद व्हायची वेळ झाली तेव्हा आम्ही परत फिरलो. वाटेत मी त्याला विचारले, तुझ्या आजोबांनी कधी हाक्याचे काम केले होते का? तो म्हणाला, ‘आजोबा नाही जी, पणजोबा. घरी सांगतात, साहेबानं त्यांना एक कोट दिला होता.’