पाना, ग्रीस आणि जीप : मालकाच्या हातांनी बदलत गेलेल्या गाडीचा इतिहास

१९४२ चा जुलै महिना. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या एस.ए.एस. पथकाला अमेरिकेहून आलेल्या नव्या कोऱ्या जीपगाड्या मिळाल्या. सैनिकांनी त्या गाड्यांचे केलेले स्वागत मोठे विलक्षण होते. त्यांनी पुढच्या जाळीच्या बहुतेक पट्ट्या कापून काढल्या. समोरची काच उतरवली. विमानांवरून काढलेल्या व्हिकर्स मशीनगन जोड्यांनी बसवल्या आणि उरलेल्या प्रत्येक मोकळ्या कोपऱ्यात पेट्रोलचे व पाण्याचे डबे बांधले. २६ जुलैच्या रात्री अशा अठरा जीपगाड्या इजिप्तमधील सिदी हनेश येथील जर्मन धावपट्टीवर चालून गेल्या आणि उभ्या विमानांच्या रांगांमधून गोळ्या झाडत निघून गेल्या.

या हल्ल्याची कथा युद्धेतिहासाच्या वाचकांना परिचित असते. जाळीच्या पट्ट्यांची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही. वाळवंटातल्या उष्म्यात रेडिएटरला जास्तीत जास्त हवा मिळावी म्हणून त्या कापल्या होत्या. एवढ्यानेही भागत नव्हते. उकळलेल्या पाण्याची वाफ उडून गेली की रेडिएटर कोरडा पडतो, आणि वाळवंटात पाण्याची किंमत जिवाएवढी असते. यासाठी रेडिएटरमधून निघणारी वाफ एका नळीने गाडीच्या पुढे बांधलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली जाई. डब्यातल्या पाण्यात ती पुन्हा पाणी होई आणि इंजिन थंड झाले की तेच पाणी आपोआप रेडिएटरमध्ये ओढले जाई. ही युक्ती सैनिकांनी जुन्या वाळवंटी प्रवाशांकडून घेतली होती. राल्फ बॅगनॉल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोर्ड गाड्यांतून केलेल्या खासगी मोहिमांत ती वापरली होती. आजच्या कोणत्याही मोटारीचे बोनेट उघडले की कूलंटची प्लास्टिकची टाकी दिसते. तिचे तत्त्व हेच.

चार मीटरांच्या आत बसवलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेऊन रविवारी सकाळी दारासमोर हात काळे करणाऱ्या तरुणाची वंशावळ शोधायची, तर ती याच डब्यापाशी येऊन पोहोचते. मूळ जीपही लांबीला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मीटरच होती.

तिचा जन्म घाईत झाला. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी पाठवली. पहिला नमुना देण्यासाठी मुदत होती फक्त ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बॅन्टम ही डबघाईला आलेली छोटी कंपनी पुढे सरसावली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने अवघ्या काही दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्करापुढे हजर झाली. मोठी कंत्राटे मात्र विलिस आणि फोर्ड यांच्या पदरात पडली. बॅन्टमच्या वाट्याला इतिहासातली तळटीप आली, हे काही न्याय्य म्हणता येणार नाही.

दोन कंपन्यांनी एकच गाडी बनवायची, तर एकीचा सुटा भाग दुसरीच्या गाडीला बसलाच पाहिजे, ही लष्कराची अट होती. फोर्डला याचा अभिमान इतका बोचला, की त्यांनी आपल्या अनेक सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यावरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उठवले. पण सैनिकाला त्या अक्षराशी कर्तव्य नव्हते. चिखलात रुतलेल्या एका विलिसचा एक्सल मोडला, तर शेजारच्या निकामी फोर्डचा काढून बसवता येत होता. युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. म्हणजे जगभर सहा लाखांहून अधिक गाड्यांच्या सुट्या भागांचे एक फिरते कोठारच उभे राहिले.

एवढ्या गाड्या चालत्या ठेवायच्या कोणी? अमेरिकी लष्कराने देखभालीचे पाच स्तर ठरवले होते. पाचवा स्तर म्हणजे मागच्या तळावरचे मोठे कारखाने, आणि पहिला स्तर म्हणजे खुद्द चालक. गाडी सुरू करण्यापूर्वी काय पाहायचे, चालवताना काय ऐकायचे, थांबल्यावर कशाला हात लावून बघायचे आणि दिवस संपल्यावर काय पुसायचे, याच्या याद्या तांत्रिक पुस्तिकांत छापलेल्या असत. चाकाच्या मध्याला हात लावला आणि तो चटका बसण्याइतका तापलेला निघाला, तर बेअरिंगमध्ये काहीतरी बिघडले आहे हे समजावे. एअर क्लीनरमध्ये कागदी फिल्टर नव्हता, तळाशी तेल असे आणि धूळ त्या तेलात अडके. धुळीच्या मुलखात ते तेल चालकाने वरचेवर बदलायचे. पाने, पक्कड, ग्रीसची पिचकारी आणि जॅक ही सामग्री गाडीतच दिलेली असे.

परंतु शेतावरून किंवा दुकानाच्या गल्ल्यावरून उठून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा पुस्तिका वाचतो थोडाच! लष्कराला हे ठाऊक होते. ‘द स्पिरिट’ या चित्रमालिकेने गाजलेला विल आयस्नर १९४२ मध्ये सैन्यात दाखल झाला. ‘आर्मी मोटर्स’ या देखभालविषयक मासिकासाठी त्याने जो डोप नावाचा एक महाबावळट शिपाई रंगवला. तेल घालायला विसरणारा, टायर फुटेपर्यंत हवा न तपासणारा, सगळीकडे फजिती ओढवून घेणारा. त्याच्या जोडीला कॉनी रॉड ही हुशार मुलगी होती. तिचे नाव म्हणजे इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडवरची कोटी. पुढे जून १९५१ पासून याच परंपरेत ‘पी.एस.’ हे मासिक सुरू झाले आणि आयस्नरने त्याचे चित्रकाम १९७१ पर्यंत सांभाळले. देखभालीची माहिती कंटाळवाणी असू नये, हसत हसत हाताला लागावी, हा विचार पुढे अनेकांनी उचलला. आज पडद्यावर ब्रेक पॅड बदलून दाखवणारे लोक नकळत आयस्नरच्याच वाटेने चालतात.

आघाडीवर मात्र विनोदाला जागा नसे. इटली आणि फ्रान्समध्ये माघार घेणारे जर्मन सैनिक रस्त्याला आडव्या, माणसाच्या गळ्याच्या उंचीवर तारा ताणून ठेवत. जीपची काच बोनेटवर पाडून बसलेल्या शिपायांना अंधारात ती तार दिसत नसे. यावर उपाय शिपायांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनीच काढला. पुढच्या बंपरवर लोखंडी अँगलची उभी पट्टी वेल्ड करायची आणि तिच्या वरच्या टोकाला खाच द्यायची. तार खाचेत अडकून तुटे. जुन्या छायाचित्रांत जीपच्या नाकासमोर उभा दिसणारा तो दांडका शोभेचा नाही.

युद्ध संपले. जुलै १९४५ मध्ये विलिसने शेतकऱ्यासाठी ‘सीजे-२ए’ ही नागरी जीप बाजारात आणली. तिला मागे उघडणारे फळकूट होते, मोठे दिवे होते, अधिक दणकट गिअरबॉक्स होता आणि शेतीची अवजारे चालवण्यासाठी इंजिनाचा जोर बाहेर काढून देण्याची सोयही होती. दुसरीकडे लष्कराने विकायला काढलेल्या जुन्या जीपही बाजारात आल्या. या विक्रीभोवती एक दंतकथा अजून जिवंत आहे : ग्रीस फासून पेटीत बंद केलेली कोरी जीप पन्नास डॉलरला मिळत असे म्हणे. मासिकांच्या शेवटच्या पानांवर तशा जाहिराती खरोखर येत. पैसे पाठवले की हाती पडे ती सरकारी लिलावांची माहिती देणारी पुस्तिका. पेटीतल्या जीपची वाट पाहत कितीतरी मुले म्हातारी झाली असावीत.

ज्यांना खरी जीप मिळाली, त्यांना तिचे दोष लगेच कळले. तिचे दिवे मंद होते, कारण वीजव्यवस्था ६ व्होल्टची होती. तेवढ्याच कामासाठी कमी व्होल्टला दुप्पट प्रवाह लागतो आणि गंजलेल्या तारा व सैल जोड त्यातला बराचसा वाटेतच खातात. म्हणून बॅटरी, डायनॅमो, कॉइल आणि बल्ब बदलून गाडी १२ व्होल्टवर नेणे हा जीपमालकांचा आवडता उद्योग ठरला. कोणी नागरी जीपचा गिअरबॉक्स थोड्या फेरफाराने युद्धातल्या जीपला बसवला. कोणी लोखंडी छप्पर चढवले.

या साऱ्या सुधारणांत सर्वांत हुशारीची होती ती चाकाच्या मध्यावरची. जीप फक्त मागच्या चाकांच्या जोरावर चालवली, तरी पुढची चाके रस्त्यावर फिरताना आपल्यासोबत पुढचा एक्सल, डिफरन्शियल आणि त्याला जोडलेला लांब शाफ्ट यांना फुकट फिरवत. त्यामुळे आवाज वाढे, पेट्रोल वाया जाई आणि भाग झिजत. रणांगणावर याचे कोणाला सोयरसुतक नव्हते. रोज बाजारहाट करणाऱ्याला ते जाणवे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर आर्थर वॉर्न याने चाक आणि एक्सल यांचा संबंध तोडता-जोडता येईल असे हब बनवायला सुरुवात केली. डांबरी रस्ता आला की उतरून हब मोकळा करायचा, चिखल आला की पुन्हा उतरून जोडायचा. मालकांनी हे हब जुन्या जीपला स्वतः बसवले. पुढे कारखान्यांनी तेच आपल्या गाड्यांना मुळातूनच द्यायला सुरुवात केली. १९८५ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिप्सीच्या पुढच्या चाकांवर असेच हब असत. कारखान्याने शोध लावावा आणि मालकाने तो वापरावा, हा क्रम येथे उलटा झाला.

पॅसिफिकच्या दुसऱ्या काठावर तर गाडीच निराळी झाली. फिलिपिन्समध्ये अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीप स्थानिक कारागिरांनी मागून कापून लांबवल्या, वर छप्पर घातले, आत समोरासमोर दोन लांब बाकडी टाकली आणि मागून चढायला पायरी लावली. हीच जीपनी. युद्धात मनिला शहराची वाताहत झालेली होती, आणि या तात्पुरत्या तोडग्यानेच पुढची अनेक दशके त्याची सार्वजनिक वाहतूक पेलली.

मुंबईतील कथेची सुरुवात २ ऑक्टोबर १९४५ ची. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. त्याच सुमारास माझगावात विलिस जीपची जुळणी सुरू झाली. विलिसचे ‘सीजे-३बी’ हे उंच बोनेटचे प्रारूप अमेरिकेत १९६८ मध्ये थांबले, पण भारतात ते आणि त्याची भावंडे त्यानंतरही दीर्घकाळ बनत राहिली. साहजिकच सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळत आणि ते बसवणारा मिस्त्रीही.

येथील मालकाचा प्रश्न पेट्रोलच्या दराचा होता. डिझेल स्वस्त, म्हणून पेट्रोल इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन चढवण्याचे काम देशभरच्या गॅरेजांत चाले. पुढे कंपनीनेही डिझेल जीप काढल्या. हरियाणातील मंडी डबवालीसारखा बाजार लष्कराने लिलावात काढलेल्या भागांवर आणि नव्याने घडवलेल्या जीपवरच उभा राहिला. पश्चिम महाराष्ट्रात लांब जीपगाड्या ‘वडाप’ झाल्या. स्प्रिंगांना जादा पाटे आणि टपावर कॅरिअर, एवढ्या तयारीवर एसटी न पोहोचणाऱ्या वाड्यावस्त्यांची माणसे, दुधाच्या किटल्या आणि बाजारची कोंबडी त्यांनी वाहिली. मनिलाच्या जीपनीची ही सख्खी बहीणच. जादा पाट्यांवर जादा माणसे बसत आणि तशा गाडीचा घाटात ब्रेक निकामी झाला म्हणजे काय होई, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे.

या स्वातंत्र्याला लगाम बसला तो दोन बाजूंनी. पहिली बाजू गाडीच्या घडणीची. जुन्या जीपचा सांगाडा वेगळा आणि वरचा पत्रा वेगळा. बंपरला दांडका वेल्ड केला तरी इतर कशाला धक्का लागत नसे. आजच्या बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींत सांगाडा आणि पत्रा एकजीव असतात. टक्कर झाली की पुढचा भाग ठरवून चुरगळतो आणि आघात पिऊन टाकतो. संवेदकांनी तो आघात ओळखला की एअरबॅग उघडते. अशा गाडीला पुढे जाडजूड लोखंडी गार्ड लावला, तर हे सारे गणित बिघडते, आणि धडकलेल्या पादचाऱ्याचे हाल वेगळेच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले. १९४४ साली ज्या लोखंडाने मान वाचवली, त्याच जागचे लोखंड आता जिवावर उठू शकते.

दुसरी बाजू कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २००० सालच्या दुरुस्तीने हे बंधन आवळले, आणि केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तेल, फिल्टर, वायपर, ब्रेक पॅड यांची देखभाल मात्र अजूनही मालकाचीच आहे. पाना हातात घेण्यास कोणी मनाई केलेली नाही.

मनाई आली ती निराळ्या वाटेने. बिघाडाची माहिती आता चाकाच्या मध्याला हात लावून कळत नाही, ती संगणकात असते. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती वाचण्यासाठी एकसारखे सॉकेट सक्तीचे झाले. तरीही दुरुस्तीची सगळी माहिती अधिकृत वर्कशॉपबाहेर पोहोचेना, म्हणून २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी थेट मतदानाने ‘दुरुस्तीचा हक्क’ मागून घेतला. भारतातही २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली. तिच्यापुढच्या क्षेत्रांत मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर मोटारींचाही समावेश होता.

दरम्यान, १९४०च्या दशकातल्या त्या जीप अजून धावत आहेत. अमेरिकेत आणि युरोपात हौशी मंडळी घरच्या शेडमध्ये त्या नव्याने उभ्या करतात. इंजिन दुरुस्त होते, एक्सल सापडतो, पण ऐंशी वर्षांचा पत्रा गंजून गळून पडलेला असतो. मग ते नवा कोरा सांगाड्यावरचा पत्रा मागवतात, प्रत्येक खाच आणि प्रत्येक भोक मूळ आराखड्यानुसार असलेला. त्यांतले बरेचसे पत्रे बनून येतात फिलिपिन्समधून, जिथल्या कारागिरांनी एकेकाळी त्याच जीप कापून लांबवल्या होत्या.