जुलाब : एका शब्दाचा व एका संशोधनाचा इतिहास

मराठीतील 'जुलाब' हा शब्द मूळचा रोगाचा नव्हे. फारसीतील 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचे 'जुलाब' झाले, आणि गोड पेय, औषधी पेय, रेचक अशा क्रमाने त्याचा अर्थ सरकत गेला. मराठीने दोन्ही टोके सांभाळली आहेत. 'जुलाब देणे' म्हणजे रेचक देणे. 'जुलाब होणे' म्हणजे आजारी पडणे. औषधाचे नाव रोगास मिळाले. याच्या नेमक्या उलट दिशेने, रोगाच्या विषाणूचेच औषध कसे झाले, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

जुलाब, ढाळ, हगवण ही सर्व लक्षणांची नावे होत. कारणाचा बोध त्यांतून होत नाही. वैद्यकाचीही स्थिती पुष्कळ काळ फारशी वेगळी नव्हती. पटकीचा जिवाणू एकोणिसाव्या शतकातच ओळखला गेला. परंतु तान्ह्या मुलांच्या तीव्र अतिसारापैकी मोठ्या भागाचे कारण अज्ञातच होते. 1973 साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा मुलांच्या आतड्यांतील पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक विषाणू आढळला. त्याचा आकार चाकासारखा. म्हणून लॅटिनमधील 'रोटा', म्हणजे चाक, या शब्दावरून तो 'रोटाव्हायरस' ठरला.

हा विषाणू श्रीमंत-गरीब असा भेद करीत नाही. शुद्ध पाण्याच्या देशांतही जवळजवळ प्रत्येक बालकास त्याची लागण होत असे. भेद पडतो तो पुढे. शरीरातील पाणी झपाट्याने कमी होऊ लागले असता शिरेतून सलाईन देणारा दवाखाना किती दूर आहे, यावर जगणे-मरणे ठरते. मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळच्या पठारावर ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी या समाजांचा हा जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख पावसाळ्यात धो धो भिजतो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यास मोताद होतो. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषित बालकास अतिसाराचा एक झटकाही भारी पडतो. म्हणून रोग होऊच न देणारी, स्वस्त, तोंडाने देता येणारी लस अशाच प्रदेशास अधिक निकडीची होती.

या प्रश्नामागे आपले संशोधन लावणारे डॉ. महाराज किशन भान (1947–2020) हे जन्माने काश्मिरी. परंतु त्यांचे वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात झाले. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत असता, 1980 नंतरच्या दशकात, त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. दिल्लीतील काही नवजात बालकांच्या शरीरात रोटाव्हायरस होता, पण ती आजारी नव्हती. बहुतेक संशोधक आजारी मुलाकडे पाहतात. भान यांनी न आजारी पडलेल्या मुलांकडे पाहिले. या बालकांचा पाठपुरावा करता, जन्मतःच लागण झालेल्यांना पुढे या विषाणूपासून संरक्षण मिळते असे आढळून आले, व 1993 साली ते प्रसिद्ध झाले. '116 ई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकाराच्या अकरा जनुकखंडांपैकी एक गाईच्या विषाणूतून निसर्गतःच आलेला होता. निसर्गाने सौम्य केलेला हा विषाणू लशीचे बीज ठरला.

बीजापासून लशीपर्यंतचा मार्ग मात्र सुमारे तीन दशकांचा होता, आणि तो एकट्याचा नव्हता. भारत-अमेरिका लस कार्यक्रम, परदेशी प्रयोगशाळा व हैदराबादची भारत बायोटेक ही कंपनी यांचा त्यात वाटा होता. मध्यंतरी, 1999 साली, अमेरिकेतील पहिली रोटाव्हायरस लस आतड्याच्या गुंतागुंतीमुळे मागे घ्यावी लागली. त्यामुळे पुढील प्रत्येक लशीची सुरक्षितता कसून तपासणे भाग पडले. अखेरची चाचणी 6,799 बालकांवर दिल्ली, वेल्लोर व पुणे परिसरातील ग्रामीण भाग येथे झाली. पुण्याची बाजू केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने सांभाळली. 2013 साली निष्कर्ष जाहीर झाले : आयुष्याच्या पहिल्या वर्षात तीव्र रोगापासून सुमारे 56 टक्के संरक्षण. किंमत मात्रेस एक डॉलर राहील, असेही कंपनीने जाहीर केले. 2016 पासून रोटाव्हायरस लस राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली. महाराष्ट्रात 2019 साली. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या बालकांस ती दिली जाते.

56 टक्के हा आकडा लहान वाटेल. तथापि, रोग सर्वत्र असतो तेथे निम्म्याहून अधिक तीव्र आजार टळणे म्हणजे असंख्य मातांची दवाखान्यापर्यंतची पायपीट टळणे होय. शिवाय भान यांनी लशीवरच भिस्त ठेवली नाही. अतिसारात जस्ताचा उपयोग दाखविणाऱ्या, 1995 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील अभ्यासातही त्यांचा सहभाग होता. लस, मीठ-साखरेचे पाणी, जस्त आणि पुरेसे अन्न यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. प्रयोगशाळेतील काम 2013 साली एका टप्प्यास पोहोचले. चौदाव्या आठवड्याची तिसरी मात्रा पठारावरील शेवटच्या पाड्यात वेळेवर पोहोचते की नाही, यावरच त्याचे फलित मोजावे लागेल.