नळीतील दारू

लोधीपुऱ्यातील दर्गा-ए-हकीमी पाहून पुढे तापीकाठच्या शाही किल्ल्यावर जाणारा प्रवासी बहुधा मुमताज महलचे स्मरण करतो. १६३१ साली ती येथे बऱ्हाणपुरास वारली, हे सर्वश्रुतच आहे. परंतु त्यापूर्वी दोन तरुण राजपुत्र याच शहरी व्यसनापायी प्राणास मुकले, ही गोष्ट सहसा निघत नाही.

पहिला अकबराचा धाकटा पुत्र दानियाल. १६०१ साली असीरगड पडल्यावर खानदेश त्याच्या स्वाधीन झाला. प्रांतास त्याच्या नावावरून ‘दानदेश’ असे नावही देण्यात आले. त्याचा वडीलभाऊ मुराद १५९९ मध्ये अतिमद्यपानानेच दक्षिणेत वारला होता. तेव्हा वृद्ध बादशहाने दानियालला निक्षून ताकीद दिली, आणि त्याचा सासरा अब्दुर्रहीम खानखानान याने भोवती पहारे बसविले. सत्तेस सुचतात ते सारे उपाय झाले.

पुढचे वृत्त जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात दिले आहे. दानियाल रडून विनवण्या करू लागला. त्याची एक आवडती बंदूक होती. जिच्या तडाख्यात सापडणारा थेट तिरडीवर जातो, अशा अर्थाचे नाव त्याने तिला दिले होते. मुर्शिद कुली नावाच्या बंदूकधारी सेवकाने कृपेच्या आशेने तिच्याच नळीत दोनदा गाळलेला अर्क भरून आणला. लोखंडाचा गंज त्यात उतरला होता. तो पिऊन राजपुत्र कोसळला, तो पुन्हा उठला नाही. साल १६०५, वय अवघे ३२. (आपल्या भाषेत तोफेच्या आणि पेल्याच्या दारूस शब्द एकच आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.)

जहांगिराचा पुत्र परवेझ १६२६ मध्ये याच वाटेने याच शहरी गेला.

आणि हे लिहून ठेवणारा जहांगीर? अठराव्या वर्षी मद्य चाखलेला हा पुरुष पुढे दिवसाकाठी वीस पेले रिचवू लागला. हात इतके कापत, की पेला दुसऱ्याने तोंडास लावावा लागे. तेव्हा त्याने स्वतः हकीम हुमामास बोलाविले. असेच चालले तर सहा महिन्यांत उपाय उरणार नाही, असे हकिमाने स्पष्ट बजाविले. जहांगीर सात वर्षे झगडत सहा पेल्यांवर आला. तो पूर्ण मुक्त झाला नाही, अफूही सुटली नाही, परंतु जगला. माझ्या मते भेद येथेच आहे. दानियालभोवती पहारेकरी होते आणि हवे ते आणून देणारे होते. खरे बोलणारा, आणि ज्याचे तो ऐकेल, असा कोणी नव्हता.

आमच्या कायद्यासही हे उशिरा उमगले. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक अधिनियमातील कलम ६४-अ अन्वये, केवळ सेवनाचा वा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट टाकल्यास ते काढून घेता येते.

गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी अनिल अवचट यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी साहाय्य केले, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या देखरेखीखाली पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेले कित्येक जण पुढे त्याच संस्थेत कामाला राहिले. नव्याने दाखल होणाऱ्यास पहिल्याच दिवशी भेटतो तो बहुधा त्यांच्यापैकीच कोणी.