वीज गेली तरी 'लक्षात ठेवणारा' पदार्थ. फेरोइलेक्ट्रिक म्हणजे काय?

वेल्ह्याच्या पासलीत असो वा पुण्यात, अचानक वीज गेली की कॉम्प्युटरवर सेव्ह न केलेलं काम जातं. कारण रॅमला माहिती टिकवायला सतत वीज लागते. फेरोइलेक्ट्रिक मेमरीला ती लागत नाही.

हे घडतं कसं?
या पदार्थांत धन आणि ऋण भार एकमेकांपासून किंचित सरकलेले असतात. व्होल्टेज दिलं की सरकण्याची दिशा उलटते आणि वीज काढली तरी तशीच राहते. एक दिशा म्हणजे ०, दुसरी म्हणजे १. १९२० मध्ये जोसेफ व्हॅलासेक यांना रोशेल सॉल्टमध्ये हा गुण आढळला.

नॅनो आकाराचं काय?
थर काही नॅनोमीटरइतका पातळ केला की अनेक पदार्थांत हा गुण क्षीण होतो. त्यामुळे छोट्या चिपमध्ये ते बसवणं अवघड होतं. २०११ मध्ये जर्मन संशोधकांनी सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या हाफ्नियम ऑक्साइडमध्ये तो दाखवला. विशेष म्हणजे चिप उद्योगात हा पदार्थ आधीपासूनच वापरात होता.

उपयोग कुठे?
कमी विजेवर चालणारी मेमरी, सेन्सर आणि मोबाइलमधले बेरियम टायटेनेटचे कपॅसिटर. दाब किंवा हालचालीतून वीज मिळवण्यासाठी अशा पदार्थांवर पुण्याच्या आयसरमध्येही संशोधन झालं आहे.