जयपूर फूट : शोध आणि सेवा

पाय गमावलेल्या माणसाला पूर्वी परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय मिळे. तो बुटाशिवाय निरुपयोगी. त्यावर ना उकिडवे बसता येई, ना मांडी घालता येई. ज्याला बूट काढता येत नाही, त्याने मंदिराची पायरी कशी चढावी? जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी व अल्पशिक्षित कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबर व लाकूड वापरून अनवाणी चालणारा पाय घडविला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. परंतु त्या पायाला आकार देणारे हात शर्मा मास्टरजींचे होते, हेही नमूद केले पाहिजे.

तथापि आरंभीची सात वर्षे हा पाय मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचला. उत्तम माल असावा आणि पेढीच नसावी, तशी ही स्थिती! १९६९ साली मोटार अपघातात पायाचे हाड चुरडलेले सनदी अधिकारी देवेंद्र राज मेहता पुन्हा उभे राहिले. उपचारकाळात त्यांनी निर्धन अपंगांचे हाल पाहिले होते. १९७५ साली त्यांनी जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. तेथे जात-धर्म न विचारता पाय विनामूल्य बसविला जातो. दूरच्या गावाहून रात्री-अपरात्री आलेल्या रुग्णासही दाखल करून घेतले जाते.